लाळेतील ताणाची खूण आणि घरातील हिंसा



परळ-लालबागच्या चाळीत शेजारच्या खोलीतील भांड्यांचा आवाज जसा ऐकू येतो, तसे रात्रीचे रडणेही ऐकू येते. सकाळी नळावर मात्र त्याचा उच्चार होत नाही. "पाय घसरून पडले," एवढेच उत्तर मिळते आणि पुष्कळदा दवाखान्याच्या केसपेपरवरही तेच उतरते. अशा वेळी सहज प्रश्न पडतो : स्त्री बोलत नसेल, तर तिचे शरीर काही सांगेल काय?

भीती वाटली की मेंदूचा आदेश पोष ग्रंथीमार्फत मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींना पोहोचतो आणि कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात उतरते. रक्तातील साखर वाढते व शरीर संकटाला तोंड देण्यास सिद्ध होते. हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये ताणाचे शरीरावरील परिणाम मांडले. अधिवृक्क ग्रंथींच्या संप्रेरकांवरील संशोधनास १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

इतक्या सूक्ष्म प्रमाणातील द्रव्य मोजणे सुलभ झाले ते रेडिओइम्युनोॲसे या पद्धतीमुळे. तिच्यासाठी रोझलिन यॅलो यांना १९७७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. परळला ही पद्धत अपरिचित नाही. १९६३ मध्ये येथे सुरू झालेल्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या किरणोत्सर्ग वैद्यक केंद्रात थायरॉइडच्या संप्रेरकांचे मोजमाप याच पद्धतीने होत आले.

रक्तातील बहुतेक कॉर्टिसॉल प्रथिनांना बांधलेले असते. लाळेत उतरतो तो केवळ मुक्त अंश, आणि शरीरावर कार्य करतो तोही तोच. सुई टोचावी लागत नाही. कापसाचा बोळा तोंडात धरला की नमुना मिळतो. मात्र वेळ पाळावी लागते. जाग आल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात हे प्रमाण शिगेला पोहोचते व मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी होते. म्हणून एकाच दिवशी अनेक नमुने घ्यावे लागतात.

हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांच्या पाहण्यांत हा दैनंदिन चढउतार बदललेला आढळला आहे; परंतु सर्वत्र एकाच दिशेने नव्हे. कोठे प्रमाण वाढलेले दिसले, तर कोठे दीर्घकाळच्या छळानंतर ते घटलेले किंवा सकाळची चढण सपाट झालेली दिसली. शिवाय रात्रपाळी, गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या, दम्यावरील स्टेरॉइड औषधे आणि हिरड्यांतील रक्त यांमुळेही आकडा बदलतो. कर्जाची चिंता व नवऱ्याचा मार यांतील भेद संप्रेरकाला कळत नाही. शरीर ताण सांगते. ताण कोणी दिला, हे सांगत नाही.

यास्तव ही चाचणी संशोधनास उपयुक्त आहे. समुपदेशनाने अनेक स्त्रियांवरील भार हलका होतो की नाही, हे पाहण्यास तिची मदत होते. पण एखाद्या स्त्रीकडे पुरावा म्हणून तिची मागणी करणे अन्यायाचे ठरेल. आकडा सामान्य आला म्हणून तिचे सांगणे खोटे ठरत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातील १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी पतीकडून कधी ना कधी हिंसा सोसली आहे. त्या प्रयोगशाळेत नव्हे, दवाखान्यात येतात. हे ओळखूनच मुंबई महानगरपालिका व 'सेहत' संस्था यांनी २००० मध्ये वांद्रे येथील भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र सुरू केले. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलात आला. त्यानुसार हिंसापीडित स्त्रीने मागितलेली वैद्यकीय मदत रुग्णालयाने देणे बंधनकारक आहे.

परिचारिका व आरोग्यसेविका यांच्या हाती असलेले साधन साधे आहे. स्त्रीला एकांतात, पती व सासू यांच्यापासून दूर, आपुलकीने विचारावे. ती सांगेल ते तिच्याच शब्दांत नोंदवावे. कायद्याची, समुपदेशनाची व १८१ या महिला हेल्पलाइनची माहिती द्यावी. त्या दिवशी ती बोलली नाही, तरी पुन्हा येण्याचे दार उघडे ठेवावे. लाळेतील खूण शोधण्यास प्रयोगशाळा लागते. विश्वासाने विचारलेल्या एका प्रश्नास ती लागत नाही.