वूल्स्थॉर्पची बाग



न्यूटनचे नाव शाळेची पायरी चढलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. पण तो शेतकऱ्याघरचा मुलगा होता, हे फारसे कोणी सांगत नाही. इंग्लंडात लिंकनशायर परगण्यात वूल्स्थॉर्प नावाचे खेडे आहे. तेथे त्याचे चुनखडी दगडाचे जुने घर व पुढची सफरचंदाची बाग आजही पाहावयास मिळते.

बाप मुलगा जन्मण्याच्या तीन महिने आधीच वारला. बापाला स्वतःची सही येत नव्हती. तेथील जुन्या पंचांगाप्रमाणे 1642 च्या नाताळात याच घरात मुलगा जन्मला. पुढे आईने त्याला शाळेतून काढून शेतीला लावले. पण पोराचे ध्यान पुस्तकात! मेंढरे नको तिथे शिरली, डुकरे दुसऱ्याच्या रानात गेली, कुंपण मोडके राहिले. 1659 साली गावच्या न्यायसभेने त्याला दंड ठोठावला. कोंडवाड्याचे पैसे भरलेल्या मंडळींना यात नवल वाटणार नाही. अखेर मामाने व गुरुजींनी आईची समजूत घातली आणि 1661 साली तो केंब्रिजला गेला.

1665 साली प्लेगमुळे विद्यापीठ बंद पडले, तेव्हा तो याच घरी परतला. सफरचंद डोक्यावर आदळल्याची गोष्ट मागाहूनची. फळ खाली पडण्यावरून विचार सुचला, एवढेच त्याने 1726 साली, म्हातारपणी, स्टुक्ली या स्नेह्याला सांगितले.

न्यूटन अविवाहित वारला. घर परक्यांच्या हाती गेले, तरी शेती चालू राहिली. 1820 साली वादळात ते झाड आडवे झाले. लोकांनी लाकूड तोडून आठवण म्हणून नेले. पण मुळे मातीत धरून होती आणि बुंधा कोणी उपटला नाही. त्यालाच धुमारे फुटले. आजचे झाड तेच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घर व बाग नॅशनल ट्रस्टकडे आली.

याच झाडाचा वंश पुण्यास, डॉ. जयंत नारळीकरांच्या आयुका संस्थेतही लावला होता. काही वर्षे जगला, मग वाळला.

वूल्स्थॉर्पला आता झाडाभोवती बुटके कुंपण आहे. पाहुण्यांच्या पायांनी मुळांवरची माती दडपू नये म्हणून. फळ मात्र आंबट, शिजवूनच खायचे.