फोनच्या बिलाची फिर्याद



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही संपावर किंवा किमान वेतनावर बोलू अशी त्यांची अपेक्षा असावी. फोनच्या बिलावर बोलतो म्हटल्यावर ते किंचित हिरमुसले. परंतु एम्प्रेस मिल 2002 साली बंद झाली, आणि भोंग्याने पाळीला बोलावण्याचे दिवसही गेले. हिंगण्याच्या किंवा बुटीबोरीच्या कंत्राटी कामगाराला आज कामाचे बोलावणे येते ते खिशातल्या फोनवर. भविष्यनिर्वाह निधीतले स्वतःचेच पैसे काढावयाचे, तर त्याच फोनवर आलेले आकडे सांगावे लागतात. तेव्हा फोन बंद पडला म्हणजे चैन गेली असे नव्हे, रोजी जाते.

प्रथम आमच्या हातून घडलेली चूक सांगतो. 2022 च्या मे महिन्यात एक कामगार आमच्या कचेरीत आला. एप्रिलमध्ये त्याचा नंबर बंद झाला होता. पैसे भरलेले होते, पावत्या घडी करून त्याने प्लास्टिकच्या पिशवीत ठेवल्या होत्या. कागदपत्रे अपुरी आहेत, असे कंपनीचे म्हणणे. चार वेळा तो त्यांच्या दुकानी गेला आणि चार वेळा त्याला निराळे उत्तर मिळाले. मधल्या तीन आठवड्यांत ठेकेदाराचा निरोप त्याला पोचला नाही व त्याची जागा दुसऱ्यास मिळाली. "याच्यावर केस नाही करता येत का भाऊ?" असे त्याने विचारले. आम्ही मोठ्या अधिकाराने सांगितले, "नाही. फोनच्या बाबतीत ग्राहक न्यायालयाचे दार बंद आहे. सर्वोच्च न्यायालयाचाच तसा निकाल आहे."

निकाल होता हे खरे. 1 सप्टेंबर 2009 रोजी केरळातील एका प्रकरणात तो लागला. बिल थकले म्हणून सरकारी दूरसंचार खात्याने एका ग्राहकाचा फोन तोडला होता. ग्राहक मंचाने त्याला फोन परत जोडून 5,000 रुपये भरपाई देण्याचा हुकूम केला होता. खाते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि जिंकले. आधार कोणता? तर 1885 सालचा तारायंत्राचा कायदा. त्याच्या कलम 7-ब अन्वये असा तंटा सरकारने नेमलेल्या लवादापुढे जावयाचा, आणि लवादाचा निवाडा अखेरचा. हा विशेष कायदा असल्यामुळे 1986 चा ग्राहक संरक्षण कायदा त्याच्यापुढे चालणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. पुढे खाजगी कंपन्याही हाच निकाल पुढे करू लागल्या. ज्या कायद्याच्या जन्माच्या वेळी आपल्या देशात टेलिफोन येऊन जेमतेम तीन वर्षे झाली होती, त्याची ढाल मोबाइलच्या व्यापाऱ्यांना मिळाली! आम्ही वर्तमानपत्रातून एवढे वाचले होते आणि तेवढ्यावर पुढची कित्येक वर्षे लोकांना सल्ला देत होतो.

आम्ही जे वाचले नव्हते ते असे. अहमदाबादच्या एका ग्राहकाला 2013 च्या नोव्हेंबर-डिसेंबरचे बिल 24,609 रुपयांचे आले. त्याचे सरासरी बिल महिन्याला 555 रुपये होते. 2014 साली तो ग्राहक मंचात गेला. कंपनीने 2009 चा निकाल दाखवून मंचाचा अधिकारच नाकारला व भांडण दिल्लीपर्यंत नेले. 16 फेब्रुवारी 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी कंपनीचे म्हणणे फेटाळले. लवादाकडे जावयाचे की ग्राहक मंचाकडे, ही निवड ग्राहकाची आहे. एक दार आहे म्हणून दुसरे बंद होत नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ. शिवाय 20 जुलै 2020 पासून अमलात आलेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'सेवा' या शब्दाच्या व्याख्येतच दूरसंचार घातला आहे. म्हणजे आमचा कामगार कचेरीची पायरी चढला, त्याच्या तीन महिने आधी दार उघडलेले होते; आणि आम्ही दारात उभे राहून ते बंद आहे असे सांगत होतो.

हे आम्हांला कळले 2024 च्या उन्हाळ्यात, एका तरुण वकिलाच्या तोंडून, तेही सहज बोलता बोलता. आम्ही बोटांवर महिने मोजले. फिर्यादीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. ती नुकतीच संपली होती. सबळ कारण दाखविल्यास विलंब माफ होऊ शकतो. पण आमचे अज्ञान हे त्याचे सबळ कारण, असे लिहून द्यावयास आम्ही तयार झालो तरी तो तयार झाला नाही. "राहू द्या भाऊ," म्हणाला, "आता कोण तारखा करत बसते?"

त्यानंतर आम्ही आमच्या स्वतःच्या नावावरच्या फोनची बिले तपासली. कधीही न मागितलेल्या एका गाण्याच्या सेवेपोटी 396 रुपये कापले गेले होते. एरवी आम्ही ते सोडून दिले असते. खरे सांगावयाचे तर एकट्याने फिर्याद करणे आम्हांला कमीपणाचे वाटे. ज्या नागपुरात 1929 साली नेहरूंच्या अध्यक्षतेखाली आयटकचे अधिवेशन भरले आणि तेथेच फुटले, त्या नागपुरातले आम्ही. जे काही करावयाचे ते चार माणसे मिळून, हा आमचा संस्कार. (सारख्या तक्रारीचे अनेक ग्राहक आयोगाच्या परवानगीने एकत्र फिर्याद करू शकतात, ही सोय कायद्यात आहे; तीही आम्हांला तेव्हाच कळली.)

कृती सोपी आहे, पण क्रमाने करावी. आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून घ्यावा. समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जावे. त्याला फी नाही, आणि त्याने 39 दिवसांत निर्णय द्यावा असा 2012 चा नियम आहे. 'ट्राय'कडे धाव घेऊन उपयोग नाही. ते मंडळ एकेकट्याची तक्रार चालवीत नाही. आम्हांला अपिलात उत्तर मिळाले की, आपल्याच फोनवरून मान्यता आली होती. ते उत्तर आम्ही जपून ठेवले. मग सिव्हिल लाइन्समधील जिल्हा आयोगात फिर्याद दाखल केली. मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकील सक्तीचा नाही. मजकूर, बिले, पत्रव्यवहार आणि शपथपत्र, एवढेच. घरबसल्या संगणकावरूनही करता येते. आणि आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट ही की, फिर्यादी जेथे राहतो किंवा काम करतो तेथे फिर्याद चालते. मुंबई-दिल्लीच्या कंपनीला नागपुरास यावे लागते.

आली. तिच्या वकिलांनी पहिल्या तारखेला मुदत मागितली. दुसऱ्या तारखेला लेखी जबाब दिला. त्यात मान्यतेचा उल्लेख होता, मान्यतेचा पुरावा नव्हता. कायदा म्हणतो की तपासणीची गरज नसलेले प्रकरण तीन महिन्यांत निकालात निघावे. आमचे अकरा महिने चालले, हेही सांगून ठेवतो. कोणी फार आशेने जाऊ नये. अखेर 396 रुपये व्याजासह आणि त्रासापोटी 3,000 रुपये देण्याचा हुकूम झाला. कंपनीला राज्य आयोगाकडे 45 दिवसांत अपील करता आले असते. पण त्यासाठी हुकमाची निम्मी रक्कम आधी भरावी लागते. तिने ते केले नाही.

निकालाची प्रत घेऊन आम्ही कचेरीत आलो, तेव्हा तो कामगार दुसऱ्या कोणाचे काम घेऊन आलेला होता. त्याने प्रत मागून घेतली. पहिल्या पानावर वर आमचे नाव, खाली 'विरुद्ध' आणि त्याखाली कंपनीचे. तेवढेच पान त्याने दोनदा वाचले आणि प्रत आमच्या हातात दिली. म्हणाला, "भाऊ, माह्या पावत्या अजून ठेवल्या हायेत."