समोरची बाल्कनी किती मीटरवर?

रेडिओ लहरींचा शरीरावर होणारा पक्का सिद्ध झालेला मुख्य परिणाम म्हणजे उष्णता. क्ष-किरणांप्रमाणे अणूमधून इलेक्ट्रॉन उडवून लावण्याइतकी ऊर्जा या लहरींत नसते. शरीरातले पाणी आणि क्षार त्या शोषून घेतात आणि ऊती तापतात. ही उष्णता रक्त वाहून नेते. डोळ्याच्या भिंगाला रक्तपुरवठाच नसतो, म्हणून त्याची काळजी अधिक. प्राण्यांवरच्या प्रयोगांत शरीराच्या दर किलोमागे सुमारे ४ वॅट शोषले गेले की वागणुकीत फरक दिसू लागतो. त्याचा दहावा भाग जाणकार कर्मचाऱ्यांसाठी आणि पन्नासावा भाग, म्हणजे ०.०८ वॅट, सर्वसामान्य जनतेसाठी मर्यादा म्हणून ठरला.

कर्करोगाचा प्रश्न प्रत्येक सभागृहात निघतोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ साली रेडिओ लहरींना ‘२ब’ गटात, म्हणजे कर्करोगाचे कारण असण्याची शक्यता नाकारता येत नाही अशा गटात टाकले. त्याच गटात आशियाई पद्धतीच्या मुरवलेल्या भाज्याही आहेत. (हशा) लोणच्याची बरणी कोणी टाकून देत नाही हे खरे; पण त्या हशाआड हौशी रेडिओचालकाला, म्हणजे हॅमला, अँटेनेपासूनच्या सुरक्षित अंतराचा हिशेब टाळता येत नाही.

हिशेब वारंवारतेपासून सुरू होतो. उभ्या माणसाची उंची काही लहरींच्या लांबीशी जुळते आणि तिथे शरीर सर्वाधिक ऊर्जा खेचून घेते. म्हणूनच ३० ते ३०० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात मर्यादा सर्वांत कडक आहे. जनतेसाठी ती दर चौरस मीटरला २ वॅट, तीही अर्ध्या तासाची सरासरी धरून. हॅम मंडळींचा लाडका दोन मीटरचा बँड नेमका याच पट्ट्यात येतो. ७ मेगाहर्ट्झवर मर्यादा बरीच सैल असते.

५० वॅटचा एफएम संच आणि दहापट गेनची, म्हणजे शक्ती एका दिशेला एकवटणारी यागी अँटेना घेतली, जमिनीवरून होणारे परावर्तन धरले आणि केबलमधला तोटा सोडून दिला, तर सतत प्रक्षेपण चालू असताना ही मर्यादा अँटेनेसमोर सुमारे ७ मीटरवर गाठली जाते. निम्मा वेळ बोलणे आणि निम्मा वेळ ऐकणे धरले की ५ मीटर. साध्या उभ्या डायपोलला सतत प्रक्षेपणातही ३ मीटर पुरतात. एसएसबी या प्रक्षेपणपद्धतीत आवाजाची सरासरी शक्ती शिखराच्या पाचव्या भागाइतकीच भरते, त्यामुळे तिथे आणखी सवलत मिळते. एफएमवर बोलणारा श्वास घ्यायला थांबला तरी कॅरिअर, म्हणजे वाहक लहर, पूर्ण शक्तीने जात राहतो.

या विषयावरच्या बहुतेक पुस्तिका अमेरिकेत लिहिल्या गेल्या. तिथे ३ मे २०२१ पासून हौशी केंद्रांची खास सूट संपली आणि त्यांनाही मूल्यमापन करणे किंवा सर्वसाधारण सूट लागू होते का ते तपासणे आले. पण त्या पुस्तिकांसमोर अंगण असलेले घर असते. अँटेना उंच चढवा, हा त्यांचा पहिला उपदेश. दादरला किंवा कोथरूडला तो अर्धवटच लागू पडतो. चार मजली इमारतीच्या गच्चीवर सहा मीटरचा खांब उभारला की अँटेना गच्चीपासून दूर जाते, आणि नव्या शेजारच्या टॉवरच्या सहाव्या मजल्यावरच्या बाल्कनीसमोर येते. यागीचा झोत खाली गच्चीवर वाळणाऱ्या पापडांवर नव्हे, आडवा त्या बाल्कनीवर पडतो. तेव्हा संच घेण्याआधी घ्यायचे उपकरण म्हणजे मोजपट्टी. बीम फिरवताना कोणाच्या खिडक्या वाटेत येतात हे कागदावर काढून ठेवावे. लायसन्सच्या परीक्षेत ओहमच्या नियमाइतकेच हे गणित सक्तीचे असायला हवे.

पापडांचा उल्लेख आलाच आहे, तर गच्चीचेही पाहावे. एप्रिलमध्ये सकाळी तिथे कुरडया वाळत पडतात आणि राखण करणारी आजी टाकीच्या सावलीत तासन् तास बसते. अँटेनेमुळे पापड लवकर वाळतात, असा लाभ अजून कोणत्याही सोसायटीने नोंदवलेला नाही. (हशा) आजी आणि टाकी साफ करायला येणारा माणूस हे दोघेही नियमांच्या भाषेत जनता आहेत. खाली कोणी प्रक्षेपणाची कळ दाबली आहे हे त्यांना कळत नाही. सोसायटीच्या कमिटीने हा मुद्दा काढला की हॅम मंडळी मोबाइल टॉवरकडे बोट दाखवतात. पण टॉवरसाठी भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश इतकी कडक मर्यादा लागू झाली. बोट दाखवून हाती काही लागत नाही, मोजलेले अंतर दाखवून लागते.

आता गच्चीबाहेरचे, आपत्तीतले उदाहरण. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद यांच्या पुढाकाराने एक पथक अंदमानातल्या पोर्ट ब्लेअरला होते. अंदमानातून हौशी प्रक्षेपणाला कित्येक वर्षे परवानगी नव्हती, म्हणून जगभरचे हॅम त्या संपर्कासाठी कान लावून बसले होते. २६ डिसेंबरला सुनामी आली, नेहमीची दळणवळण व्यवस्था कोलमडली आणि छंदासाठी नेलेले संच मुख्य भूमीशी निरोपांची देवघेव करू लागले. आपल्या माणसांचा ठावठिकाणा विचारणाऱ्यांना तोच आधार होता. हॅमच्या इतिहासातले हे अभिमानाचे पान आहे, आणि सुरक्षिततेचा सर्वांत कठीण प्रसंगही असाच असतो. आपत्तीत तारा घाईने, हाताला लागेल त्या उंचीवर बांधल्या जातात, प्रक्षेपण तासन् तास चालते आणि निरोपासाठी आलेली माणसे अँटेनेखालीच गर्दी करतात. एरवी निर्जन असलेले ते तीन मीटर नेमके तेव्हा भरलेले असतात. दोरी बांधून ती जागा मोकळी ठेवायला एका स्वयंसेवकाची पाच मिनिटे लागतात, पण ते काम यादीत आधीच लिहिलेले असावे लागते.

उरलेले दोन मुद्दे थोडक्यात. हातातला ५ वॅटचा संच तोंडाशी धरला की त्याची अँटेना डोळ्यापासून काही सेंटिमीटरवर येते. वायरचा स्पीकर-माइक लावून संच दूर धरणे हा सोपा इलाज. दुसरा मुद्दा भाजण्याचा. डायपोलच्या टोकांशी विद्युतदाब सर्वाधिक असतो. चालू अँटेनेच्या टोकाला, किंवा तिच्याजवळच्या लोखंडी कठड्याला बोट लागले, तर जखम वरून टिकलीएवढी दिसते आणि आत खोल जाते. म्हणून टोके हाताच्या टप्प्याबाहेर असावीत. अँटेनेला हात लावण्याआधी संच नुसता बंद करणे पुरत नाही. केबल संचापासून सोडवून ती सोबत गच्चीवर न्यावी, म्हणजे खाली दुसऱ्या कोणी बटण दाबले तरी काही जायचे नाही. अँटेना, शक्ती, बँड किंवा शेजारची इमारत यांपैकी काहीही बदलले, की मोजमाप पुन्हा करायचे.