चुकारा आला की भरतो



'सरकार आणि विकास' या विषयावर बोल, असा संयोजकांचा आदेश आहे. विषय मोठा, वेळ पाच मिनिटं. म्हणून आपल्या कापसावरच बोलतो.

वर्गशिक्षक फीचं विचारायचे तेव्हा आपलं निम्म्या वर्गाचं उत्तर ठरलेलं असायचं, "चुकारा आला की भरतो, सर." सरांनी त्यासाठी एकाचंही नाव पटावरून कमी केलं नाही.

तो चुकारा एकाधिकार खरेदीचा. १९७१ चा कायदा, १९७२ पासून खरेदी. कापूस पणन महासंघाच्या केंद्रावरच द्यायचा, प्रतवारी करून हमीभाव घ्यायचा. त्याआधी अकोला-अमरावतीच्या बाजारात बंडी उभी केली की भाव व्यापारी सांगायचा. माझे वडील म्हणायचे, "आता भाव घरून निघतानाच माहीत असतो." ही लहान गोष्ट नव्हती.

मग बिघडलं कुठे? बाहेर भाव चढला की कापूस गुपचूप शेजारच्या राज्यांत जायचा. पडला की सगळा केंद्रावर यायचा. तोटा वाढला, चुकारे लांबले, आणि २००२ नंतर एकाधिकार उरला नाही.

पण मला मोठी चूक वेगळीच वाटते. सरकारने आपला कापूस घेतला, त्याचं कापड मात्र इथे फारसं झालं नाही. सरकी काढली, गाठी बांधल्या आणि बाहेर पाठवल्या. सूतगिरण्या निघाल्या, त्यातल्या बऱ्याच बंद पडल्या. त्याच काळात दक्षिण कोरियाच्या सरकारने उद्योगांना स्वस्त कर्ज दिलं, पण निर्यात करून दाखवा, या अटीवर. सरकार तिथेही होतंच. फरक अटीचा आणि हिशेबाचा होता.

२०२४ मध्ये नांदगाव पेठच्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कचं भूमिपूजन झालं. त्याचं मी स्वागत करतो. पण जागा आणि सवलती घेणाऱ्यांना दरवर्षी दोन प्रश्न विचारले पाहिजेत: वऱ्हाडातला कापूस किती घेतला? वऱ्हाडातल्या किती पोरापोरींना काम दिलं?

या शाळेत पेपर तपासल्याशिवाय आपल्याला कोणी वरच्या वर्गात घातलं नाही. सरकारी योजनेलाही तोच नियम लावू या.

आणि सर, माझी फी भरलेली आहे. तुमचं ऋण तेवढं बाकी आहे.