जुनी मोटार घ्यावी की न घ्यावी?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले. व्यासपीठावर उभे राहण्याची मला सवय नाही. पण यंदा आमच्या घरी गंजकी मोटार आली, तेव्हापासून आपल्यापैकी कित्येकींनी मला विचारले, की बाई, पैसे वर आले होते काय? त्या सर्वांना एकदमच उत्तर द्यावे म्हणून आज बोलते.

मोटारीचा आणि आपल्या गावाचा संबंध जुना आहे. वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापुरातच जन्मले. त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात मोटारी होऊ लागल्या. तरी आपल्यासारख्यांच्या आवाक्यात मोटार आली ती १९८३ साली, मारुती ८०० निघाली तेव्हा. ती २०१४ साली बनायची थांबली. पण जुन्या बाजारात अजून मिळते, आणि ज्यांच्या घरी पूर्वी कधी मोटार नव्हती त्यांची नजर आधी तिच्यावरच जाते.

आमचे हे एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहेत. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. सासूबाईंचे आठवड्यातून दोनदा डायलिसिस असते. जाऊन येऊन रिक्षाचे ३०० रुपये. फेब्रुवारीत एका रात्री त्यांना धाप लागली. हे पाळीवर, आणि पाऊण तास रिक्षा मिळेना. शेजाऱ्यांनी टेम्पो काढला म्हणून निभावले. त्या आठवड्यात घरात मोटारीचा विषय निघाला.

पहिली गाडी पाहिली ती आरशासारखी चकचकीत होती. यांना फार आवडली. पण ओळखीच्या मिस्त्रींनी सांगितले होते, की वहिनी, रंग पाहू नका, पत्रा पाहा. ट्रकला खाली वेगळी चासी असते. या लहान गाडीला ती नसते. तिचा पत्राच तिचा सांगाडा. म्हणून मी मुलाचे लोहचुंबक फडक्यात गुंडाळून नेले होते. दाराखालच्या पट्टीवर ते चिकटेचना! पत्रा सडून गेला होता आणि वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंग मारला होता. मी तिथेच नको म्हटले.

दुसरी गाडी २००८ सालची. बॉनेटवर आणि दारांवर गंजाचे डाग, पाहताच नाक मुरडावे अशी. पण पायाखालची रबरी चटई उचलली, तर तळ कोरडा आणि टणक. मिस्त्रींनी पेचकसाने ठिकठिकाणी ठोकून पाहिले, बद्द आवाज कुठे आला नाही. फक्त बॅटरीच्या खालचा पत्रा आम्लाने खाल्ला होता आणि एका दाराच्या तळाला भोक होते. दारात शिरलेले पाणी बाहेर जाण्यास तळाला बारीक छिद्रे असतात. ती मातीने बुजली, की पाणी आत साचून दार आतून कुजते. हे काम बाईच्या हातचे आहे. खराट्याची एक काडी घेऊन छिद्रे मोकळी करावीत, झाले.

भगिनींनो, आपण चादरी-टॉवेलच्या गावातल्या बायका. चादरीचा ताणा शाबूत असेल तर रफू होते. ताणाच विरला असेल तर कितीही सुई चालवा, व्यर्थ. मोटारीचेही तसेच. वरचा गंज घासून निघतो. तळाचा, दाराखालच्या पट्ट्यांचा, चाकांवरच्या कमानींचा पत्रा गेला असेल, तर फुकट मिळाली तरी घेऊ नये. आणि गाडी समुद्रकाठी वापरलेली असेल तर अधिकच तपासावी, कारण खाऱ्या हवेने लोखंड लवकर गंजते.

आता हिशेब सांगते. ‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ होऊ नये, म्हणून आधीच वहीत मर्यादा लिहिली होती: ७५ हजार, पुढे एक पैही नाही, आणि मुलीच्या फीसाठी ठेवलेल्या भिशीला हात लावायचा नाही. गाडीचे ४० हजार. टायर १० हजार, ब्रेक ४ हजार, बॅटरी ४ हजार, पत्र्याचे जोडकाम ७ हजार, तिसऱ्या पक्षाचा विमा २,०९४ रुपये. नावबदल आणि किरकोळ धरून ७० हजारांच्या घरात गेले. आधी ब्रेक आणि टायर केले. रंग अजून केला नाही. गंज घासून रेड ऑक्साइड लावले आहे. मुले तिला ठिपक्यांची गाय म्हणतात. म्हणोत बापडी!

पैसे वर आले काय, तर नाही. रिक्षाऐवजी पेट्रोल घातले तर एका फेरीमागे २०० रुपये वाचतात, महिन्याला सुमारे १,७००. गाडीची रक्कम फिटायला साडेतीन वर्षे लागतील, आणि मध्ये दुरुस्ती निघेलच. शिवाय १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नोंदणी नवी करावी लागते. आमची २०२८ साली येईल, तिची फी आतापासून डब्यात टाकते. तेव्हा केवळ बचत म्हणून कोणी जुनी मोटार घेऊ नये. नुसत्या बाजारहाटासाठी असती, तर मीही घेतली नसती. आम्ही ती रात्रीच्या त्या पाऊण तासासाठी घेतली.

पण हे रात्रपाळीला असतील तर दारातली मोटार काय कामाची? म्हणून मी स्वतः शिकले. खासगी मोटारीच्या परवान्याला शिक्षणाची अट नाही. चाळिशी उलटलेल्यांना डॉक्टरांचा दाखला लागतो, तो घेतला. शिकाऊ परवाना काढल्यावर ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते, ती दिली. पहिल्या दिवशी सासूबाई मागे बसून सारा वेळ जप करीत होत्या, आता झोपतात.

माझे सांगणे इतकेच, की घरात मोटारीची गोष्ट निघाली म्हणजे आपण चहा करायला आत जाऊ नये. पैसे घरचे आहेत. चटई उचलून तळ पाहावा, वहीत आकडा लिहावा, आणि तळ खराब निघाल्यास नको म्हणावे. तसेच कोणाच्या घरी रात्री-अपरात्री गरज पडली, तर संकोच न करता हाक मारा. गाडी दिसायला वाईट असली तरी लगेच सुरू होते.