हा किनारा कुठला?



पावसाळ्यात गडग्यावर नेचा उगवतो, तो आठवा. मोठ्या पानाला दोन्ही बाजूंनी लहान पानं असतात आणि प्रत्येक लहान पान म्हणजे त्या मोठ्या पानाचीच छोटी नक्कल. लहानात पुन्हा मोठ्याचाच आकार दिसणाऱ्या अशा रचनेला १९७५ साली बेन्वा मँडेलब्रॉट या गणितज्ञांनी 'फ्रॅक्टल' हे नाव दिलं.

याच युक्तीने संगणक डोंगर काढतो. पाटीवर करून बघा. एक आडवी रेघ मारा. तिचा मध्य थोडा वर उचला, म्हणजे दोन रेघा होतील. आता प्रत्येकीचा मध्य वर किंवा खाली सरकवा, पण आधीपेक्षा कमी. असं चार-पाच वेळा केलंत की डोंगराची कड दिसू लागते. संगणक हेच न थकता हजारो वेळा करतो. १९८० साली लॉरेन कारपेंटर यांनी असे डोंगर काढून छोटा चित्रपट केला. त्यातला एकही डोंगर पृथ्वीवर नाही.

आपला किनाराही तसाच. जितकं जवळून बघाल तितकी वळणं वाढतात. भारताच्या किनाऱ्याची लांबी पूर्वी ७,५१६ किलोमीटर सांगत. अलीकडे अधिक बारकाईने मोजल्यावर ती ११,०९८ किलोमीटर भरली. किनारा तोच, मोजणी बारीक झाली.

म्हणूनच ही चित्रं खरी वाटतात, आणि जपायचं ते इथेच. असं एक चित्र गटात दाखवलं तेव्हा एका काकींनी विचारलं, "ह्यो किनारो खंयचो?" खंयचोच नाय!

तारकर्ली, देवबागपासून आचऱ्यापर्यंत किती घरांत पर्यटक उतरतात. खोलीच्या जाहिरातीत असं देखणं चित्र टाकायचा मोह होतो. पण पाहुणा तेच दृश्य शोधत आला आणि दिसलं नाही, तर त्याचा आपल्या खोलीवरचा, जेवणावरचाही विश्वास उडेल. त्याचा फटका शेजारणीच्या धंद्यालाही बसेल.

म्हणून आम्ही गटात ठरवलंय: जाहिरातीत फोटो आपल्याच किनाऱ्याचा, आपल्याच अंगणाचा. फ्रॅक्टल चित्रं पिशवीवर, भेटकार्डावर खुशाल छापू, पण खाली 'काल्पनिक देखावा' असं लिहून. आणि चित्र दुसऱ्याचं असेल, तर आधी त्याची परवानगी घेऊन.

पुढच्या बैठकीत हिशेब आटोपला की वहीच्या शेवटच्या पानावर ती रेघ मारून बघा. नियम एकच, पण प्रत्येकीचा डोंगर वेगळा निघेल.