ज्ञानकोशात आपली नोंद कोण करणार?

(भाईंदर येथे वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



गेल्या महिन्यात उत्तनच्या काही मुली माझ्याकडे आल्या. गावातल्या मासे विकणाऱ्या बायांवर त्यांना मराठी विकिपीडियावर लेख लिहायचा होता. आम्ही उत्साहाने बसलो. बोंबील वाळवणं, पहाटेचा बाजार, बर्फाचा खर्च, उधारी, सगळं आज्यांनी भरभरून सांगितलं. मग प्रश्न आला, संदर्भ काय द्यायचा? तिथला नियम असा की, आधी विश्वासार्ह ठिकाणी प्रसिद्ध झालेलंच लिहायचं. आजीचं तोंडी सांगणं चालत नाही. मुली हिरमुसल्या. आज मला बोलायचं आहे ते यावरच.

आधी या ज्ञानकोशाचं बळ पाहू. मराठीत ज्ञानकोशांची परंपरा मोठी आहे. केतकरांनी १९२० च्या दशकात तेवीस खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश काढला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. ही विद्वानांची कामं. तिथे लिहायला तुम्हाआम्हाला कोणी बोलावलं नव्हतं. २००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर मात्र कोणीही लिहू शकतं, चूक दुरुस्त करू शकतं. वाचायला पैसे नाहीत. कोणी, कधी, काय बदललं ते 'इतिहास' या पानावर दिसतं. वाद असेल तर तो 'चर्चा' पानावर, सर्वांसमक्ष होतो. असा खुलेपणा आपल्या संस्थांमध्ये तरी किती असतो?

पण दार उघडं असलं म्हणजे सगळ्या आत येतात असं नाही. रात्रीची भांडी आवरल्यावर कॉम्प्युटरपुढे बसायला वेळ कोणाला मिळतो? २०११ च्या एका जागतिक पाहणीत विकिपीडियावर लिहिणाऱ्यांत शंभरात जेमतेम नऊ स्त्रिया होत्या. याचा परिणाम मजकुरावर होतोच. डोना स्ट्रिकलंड यांना २०१८ साली भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं, तेव्हा इंग्रजी विकिपीडियावर त्यांचा लेखच नव्हता. त्याच वर्षी आलेला मसुदा पुरेसे संदर्भ नाहीत म्हणून परत गेला होता. म्हणजे छापील जगाने जिला वगळलं, तिला हा कोशही वगळतो.

दुसरी उणीव माहिती शिळी होण्याची. मराठीत लिहिणारे हात थोडे, त्यामुळे चूक लवकर कोणाच्या नजरेला येत नाही. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यातले 'प्रौढ पुरुष' हे शब्द सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली रद्द केले. ज्या लेखात ही दुरुस्ती झाली नसेल, तो वाचून तक्रार करायची की नाही हे ठरवणारी बाई फसेल. म्हणून लेख जरूर वाचा, तळाचे संदर्भ पाहा. पण कायद्याच्या बाबतीत संरक्षण अधिकाऱ्याला किंवा वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल उचलू नका.

मग संदर्भाचा नियमच वाईट का? मला तसं वाटत नाही. तो नसता तर आपल्याविरुद्ध कोणीही काहीही लिहिलं असतं. समाजकार्याच्या शिक्षणात आम्ही शिकलो ते हेच की, नोंद नसेल तर झालेला अन्यायही नाकारला जातो. ताराबाई शिंदे यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ साली छापलं गेलं आणि विसरलं गेलं. स. गं. मालशे यांनी ते १९७५ साली पुन्हा प्रसिद्ध केलं. छापलेलं होतं म्हणून तर ते सापडलं!

तेव्हा काम आपलं आहे. उत्तनच्या आज्या, मिठागरात राबलेल्या बाया यांचं सांगणं, त्यांच्या संमतीने, तारीख घालून लिहून घेऊ. दोघीतिघींकडून ताडून पाहू. मग ते आपल्या त्रैमासिकात छापू, वाचनालयात अंक ठेवू. वर्तमानपत्रांच्या, अभ्यासकांच्याही मागे लागू. पुढे ज्ञानकोशात लिहिताना मात्र घोषणा बाजूला ठेवू. दुसरी बाजूही मांडू.

त्या मुली पुढच्या रविवारी पुन्हा उत्तनला जाणार आहेत, वही घेऊन. तुमच्यापैकी कोण कोण येणार?